हौद्यातली झोप

हरणाबाई यंदा मेंढरांमागे जाणार की नाही, हे लोणंदजवळच्या एका शेतात ठरायचं होतं. म्हसवडच्या बाजूने निघालेला त्यांचा कळप दिवाळीनंतर तिथे मुक्कामाला येतो, पुढे खंडाळ्यावरून भोरकडे सरकतो आणि घाट उतरून कोकणात जातो. हरणाबाई हा रस्ता लग्न झाल्यापासून चालत होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढून घेतला, नीट समजावून सांगितलं आणि दोन गोष्टी बंद केल्या. ओझं उचलायचं नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही. ओझ्याचं काही तरी करता आलं असतं. जमिनीवर झोपणं बंद म्हणजे मात्र मेंढरंच बंद.

कारण कळप एका माणसाने चालत नाही. त्यांचे यजमान अर्जुना दिवसभर मेंढरांबरोबर असतात. मुक्कामाची जागा धरणं, रात्री मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळं उभं करणं, चूल, नुकती जन्मलेली कोकरं जगवणं, लंगडणारं मेंढरू हेरणं, हे सगळं हरणाबाईंच्या हातचं. गडी लावायचा विचार झाला होता, पण कोकरांपाशी रात्रंदिवस राहणारा गडी आता मिळत नाही. अर्जुनांनी मग सरळ मार्ग काढला. लोणंदपर्यंत जायचं. तिथे हरणाबाईंना झोप लागली तर पुढे, नाही लागली तर बाळासो व्यापाऱ्याला बोलवायचं. निम्मी मेंढरं हरणाबाईंच्या माहेरची होती, त्यामुळे त्यांच्या होकाराशिवाय अर्जुना एकही विकणार नव्हते. हरणाबाईंना विकायची नव्हती. पण कंबर धरून बसलेल्या बाईला घाटात नेण्याइतके अर्जुना हट्टी नव्हते, आणि हे हरणाबाईंनाही कळत होतं.

झोप लागेल, याची खात्री एकट्या तानाजीला होती.

तानाजी त्यांचा मुलगा. लोणंदच्या औद्योगिक वसाहतीत तो गाड्यांवर बॉडी बांधतो. आइस्क्रीमच्या गाड्या, फिरते दवाखाने, पोल्ट्रीच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. बिऱ्हाड आणि कोकरं वाहायला घरची जुनी पिकअप होती. पूर्वी हे काम घोडी करायची. पावसाळ्यात कळप माणदेशात परतला, तशी तानाजीने ती पिकअप मागून आणली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या हौद्यात काम सुरू केलं.

काम चोख होतं. डाव्या अंगाला लांबीने पलंग, आईच्या गुडघ्याएवढ्या उंचीचा, म्हणजे पाय खाली सोडून बसता येईल आणि उठताना कमरेवर जोर येणार नाही. पलंगाच्या प्लायला भोकं पाडलेली, गादीखाली ओल धरू नये म्हणून. त्यावर काथ्याची घट्ट गादी आणि वर पातळ फोम. उजव्या अंगाला चालायची जागा, भांड्यांचे सरकते कप्पे, हाताला धरायला लोखंडी दांडा. मागे चढायला दोन पायऱ्या, दुमडून आत जाणाऱ्या. कोकरांसाठी मागच्या बाजूला बाहेरून उघडणारा वेगळा खण.

खरी करामत छपराची. गाडी चालताना छप्पर खाली बसलेलं असायचं, त्यामुळे बाभळीच्या फांद्या लागत नाहीत आणि घाटात वारा धरत नाही. मुक्कामाला कड्या काढल्या की ते चार कोपऱ्यांच्या गॅसच्या दांड्यांवर वर उचललं जायचं. पलंगाच्या पेटीला असतात तसले दांडे. हरणाबाई एका हाताने ते उचलू शकत होत्या. छप्पर वर गेलं की भोवतीची ताडपत्री ताठ उभी राहायची, तिला आतून फोमचं अस्तर, आणि मागच्या दाराला सगळीकडून रबराची जाड पट्टी. दार लावून तानाजीने चुलतभावाला, पप्पूला, बाहेरून हॉर्न वाजवायला लावला होता. आत तो लांबून आल्यासारखा ऐकू आला. पप्पूच गाडी चालवणार होता. त्याने आत डोकावून सांगितलं की काकूंना आता फक्त एसी आणि टीव्ही द्यायचा राहिलाय.

तानाजी रेल्वेच्या रुळाला लागून राहतो. शांतता म्हणजे अर्धी झोप, हे त्याचं अनुभवाचं मत होतं.

कळप आला. एका शेतकऱ्याने खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतली. वाघर लागली आणि पिकअप शेजारी उभी राहिली. तानाजी, त्याची बायको पल्लवी आणि पप्पू या तिघांनी मिळून हरणाबाईंना आत नेलं. त्यांनी गादीवर हात फिरवला, बसून पाहिलं, आडव्या झाल्या, आणि सांगितलं की आजवर कुठल्याच लग्नात त्यांना असं अंथरूण मिळालेलं नाही. तानाजी निर्धास्त घरी गेला.

सकाळी पल्लवी भाकरी घेऊन शेतात आली, तेव्हा सासूबाई गाडीखाली घोंगड्यावर मुटकुळं करून पडलेल्या होत्या. रात्री डोळा लागला की जाग यायची, डोळा लागला की जाग यायची. शेवटी त्या खाली उतरल्या होत्या आणि आता त्यांना उठवत नव्हतं. पल्लवीने आणि अर्जुनांनी धरून बसतं केलं.

तानाजीने गादीला दोष दिला. घट्ट गादी काढली, मऊ आणली. दुसऱ्या रात्रीही तेच. मग त्याने उशी बदलली, पलंगाला थोडा उतार दिला, आतला दिवा मंद केला. हरणाबाई प्रत्येक बदलाला चांगलं म्हणत राहिल्या आणि सकाळी गाडीखाली सापडत राहिल्या. अर्जुनांनी बाळासोला निरोप धाडला, की उद्या सकाळी येऊन बघून जा. मेंढरं तशी त्याने आधीच पाहिलेली होती. येऊन बघून जा, याचा अर्थ सगळ्यांना समजला. हरणाबाईंनाही समजला. त्या निरोपावर त्या भांडल्या नाहीत, तेवढंच पल्लवीच्या मनाला लागलं.

त्या दिवशी पल्लवी घरी न जाता दुपारी सासूबाईंपाशी थांबली. मेंढरं सकाळची चरून गाडीच्या सावलीला आणि बांधावरच्या लिंबाखाली येऊन बसली होती. हरणाबाईंना तिने कमरेला शेक दिला आणि गाडीतच पडायला लावलं. मागचं दार सताड उघडं होतं. पल्लवी दांड्याला ओला टॉवेल वाळत घालून वळली, तोवर सासूबाई घोरत होत्या. त्याच पलंगावर, त्याच गादीवर.

ती बघत राहिली. मग माश्या आत जायला लागल्या म्हणून तिने दार अलगद लोटलं. रबराची पट्टी चौकटीला बसली. ती दोन पावलंही गेली नसेल, आत पलंग करकरला. तिने दार उघडलं, तर हरणाबाई उठून बसलेल्या, छातीवर हात, डोळे तारवटलेले.

"आत्या, दार वाजलं व्हय? मी हळू लावलं हुतं."

"दाराचं न्हाई गं. मेंढरं गप झाली."

"गप कुठं? ही काय, रवंथ करत्यात की समोर."

हरणाबाईंनी बाहेर बघितलं. मेंढरं निवांत बसली होती. एक खोकत होतं, दोन-तीन कोकरं आयांना शोधत ओरडत होती, कुठेतरी गळ्यातली घंटी वाजत होती. त्यांनी कान देऊन ते सगळं ऐकलं आणि मग हळूच म्हणाल्या, "आत न्हाई येत ह्यो आवाज."

पल्लवीचं माहेरही मेंढरांचं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. बसलेला कळप कधी पुरता गप नसतो. रवंथ चालू असतो, कुणीतरी अंग झाडतं, कुणी शिंकतं. लांडग्याचा वास आला की मात्र सगळी मेंढरं एका दमात थांबतात आणि एकमेकांत डोकी खुपसतात. मेंढरांमागची बाई आवाजाने उठत नाही. आवाज थांबला की उठते. दाराला रबर लावून तानाजीने आईच्या कानाशी रोज रात्री लांडगा आणून उभा केला होता.

पल्लवीने त्याला फोन करून कारखान्यातून बोलावलं. तानाजी आला, ऐकून घेतलं आणि पायरीवर बसला. तो लहानपणीच निवासी शाळेत गेलेला आणि नंतर रुळाशेजारी राहायला आलेला. तरी पहिली वर्षं त्यानेही याच मेंढरांत झोपून काढली होती.

"आई, हे मला आधी सांगायचंस की गं."

"मला तरी कुठं ठावं हुतं? मला गादीच टोचतीया वाटायचं." मग त्या मुलाच्या तोंडाकडे बघून हसल्या. "लय पैका घातलास बाबा मेंढरं गप बसवायला."

तानाजीने हत्यारांची पेटी काढली. आता त्याच्या कामात कुठे घोळ नव्हता, कारण काय पाहिजे ते कळलं होतं. आधी दाराचं रबर सोलून काढलं. मग मागच्या ताडपत्रीचं फोमचं अस्तर कापलं आणि दाराच्या वरच्या अर्ध्या भागाचा पत्रा काढून तिथे जाळी बसवली. केबिनच्या बाजूचं आणि छपराचं अस्तर राहू दिलं, घाटातली थंडी तिकडून येते म्हणून. गादी उलटी फिरवली. केबिनकडे असलेली उशी दाराकडे आली आणि डोकं कळपाच्या दिशेला झालं. कोकरांचा खण काढून त्याने पलंगाखाली, उशीच्या बाजूला सरकवला आणि त्याची वरची फळी काढून तिथेही जाळी लावली. वाऱ्यासाठी अर्जुनांनी स्वतःचं जाड घोंगडं दाराच्या खालच्या भागाला आतून अडकवलं. त्यांनी त्या कामात घातलेला तेवढाच हात. पण ते आपणहून आले आणि अडकवून गेले, हे हरणाबाईंनी पाहिलं.

पप्पूने गाडी वळवून तिचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ वाघरीकडे केली. काकूंच्या बंगल्याला आता मेंढरांची खिडकी मिळाली, असं त्याचं म्हणणं पडलं.

दिवस मावळायच्या आधी तानाजी स्वतः आत जाऊन आडवा झाला. दार लावून घेतलं, डोळे मिटले. पल्लवीने बाहेरून काय ऐकू येतंय ते विचारलं. त्याने आतूनच सांगितलं, की डाव्या कडेला एक मेंढरू खोकतंय, सुकं खोकतंय.

"काळ्या तोंडाची ती," अर्जुना म्हणाले. "खोकू दे. औषध पाजलंय."

बाळासो सकाळी ऊन वर आल्यावर मोटारसायकलवरून आला. तोंडात ख्यालीखुशालीच्या गोष्टी आणि खिशात इसाराची रक्कम. शेतात कुणी त्याच्यासाठी घाई करताना दिसलं नाही. पल्लवीने चूल पेटवलेली होती. पप्पू टायरची हवा बघत होता. अर्जुनांनी बाळासोला दगडावर बसवलं, चहा दिला आणि वाघर सोडायला गेले.

वाघर सुटली आणि मेंढरं एकदम बाहेर आली. आयांचा वास लागून कोकरांनी खणात गोंधळ घातला. पप्पूने त्यांना एकेक करून मोकळं केलं, तशी ती ओरडत कळपात घुसली. धूळ उडाली. बाळासोला बोलायला आवाज चढवावा लागला. त्याने बाई कुठे आहेत, असं विचारलं. अर्जुनांनी गाडीकडे बोट दाखवलं.

बाळासो उठून दारापाशी गेला. जाळीतून हरणाबाईंचं डोकं दिसत होतं, तोंड कळपाकडे, पदर गालाखाली. त्या कुशीवर झोपल्या होत्या. तो परत आला.

"आवं, एवढ्या गलक्यात झोपल्यात?"

"गलका हाय म्हणून झोपलीया," अर्जुना म्हणाले.

"मग आपल्या बोलण्याचं कसं?"

"निम्मी तिची हायती. उठली की इचारा."

बाळासोने दुसरा चहा घेतला. हवापाण्याच्या, बाजाराच्या, खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या वाढलेल्या वाहतुकीच्या गोष्टी झाल्या. मधूनमधून तो गाडीकडे बघायचा. हरणाबाईंनी एकदा कूस बदलली. त्याने चहाचा पेला खाली ठेवला, पण त्या पुन्हा तशाच पडून राहिल्या. इतक्या वर्षांत सूर्य उगवल्यावर झोपलेली हरणाबाई कुणी पाहिलेली नव्हती, आणि बाळासो कळपांच्या धंद्यात जुना होता. त्याला अंदाज आला. दुसऱ्या एका मेंढपाळाला भेटायचं राहिल्याचं सांगून त्याने मोटारसायकल हातानेच बांधापर्यंत ढकलत नेली आणि तिथे चालू केली.

तानाजी कारखान्यात जायच्या आधी शेतात येऊन गेला. आत डोकावला नाही, फक्त छपराच्या कड्या तपासल्या आणि पप्पूला घाटात दांड्यांना तेल द्यायला सांगितलं.

ऊन तापायला लागलं होतं. मेंढरांना पुढच्या रानात न्यायचं होतं, खंडाळ्याच्या दिशेला. अर्जुनांनी काठी घेतली, कळपाला वळवलं आणि थोडं पुढे जाऊन थांबले. मग पप्पूला हाक न मारता हाताने जवळ बोलावलं.

"ती खोकणारी आन् चारपाच कोकरंवाल्या गाडीपाशी बांध," ते म्हणाले. "काकू उठस्तवर ऱ्हाऊ देत."