पाचवी खाच

मित्रांनो, बागेच्या कोपऱ्यातल्या या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्चीच्या आणि गळक्या झारीच्या मध्ये जे तुम्हाला दिसते आहे, ते गवत कापायचे एक जुने यंत्र म्हणजे मी. मला ना तेल लागते ना वीज. दोन चाके, पाच वळणदार पाती, मागे एक लाकडी रूळ आणि ढकलायला लांब दांडा, एवढाच माझा संसार. कोणी ढकलले तर मी बोलतो. न ढकलल्यास माझ्या तोंडाला कुलूप. गेले कित्येक महिने ते उघडलेले नाही, म्हणून आज मनातले सगळे सांगून टाकतो.

माझ्या उजव्या चाकाजवळ एक पितळी पट्टी आहे. तिच्यावर पाच खाचा आहेत. खिळी पहिल्या खाचेत अडकवली की मी गवत अगदी जमिनीलगत कापतो, पाचवीत अडकवली की चार बोटे उंच ठेवतो. माझ्या आयुष्यातले सगळे सुख आणि सगळे दुःख या पट्टीवर मावते.

कारखान्यातून मी आलो तो थेट एका घड्याळजीच्या घरी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा जोडणारा माणूस तो. घराच्या मागे त्याची छोटी हिरवळ होती आणि तिच्याकडेही तो घड्याळासारखाच बघायचा. त्याचा नियम ठरलेला. गवत सहा बोटे वाढले की दोन बोटे काढायची. तीन भागांतला एक भाग कापायचा, दोन राखायचे, त्याहून जास्त ओरबाडायचे नाही. माझी खिळी कायम पाचव्या खाचेत. कापलेले बारीक गवत तो तिथेच पडू द्यायचा. "जमिनीचं जमिनीला," असे म्हणायचा. पाणी आठवड्यातून दोनदाच, पहाटे, पण पोटभर. रोज चूळ भरल्यासारखे शिंपडले तर मुळे वरच लोळत राहतात, खाली उतरायचा आळस करतात, असे त्याचे मत होते.

दर महिन्याला तो माझ्या पात्यांना धार लावायचा. मग त्याची बायको वर्तमानपत्राची पट्टी दोन्ही हातांनी ताणून माझ्या पात्यात धरायची आणि तो चाक फिरवायचा. कागद सरळ कापला गेला तर मी पास. चुरगळला तर पुन्हा कानस. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि फाटलेले टोक पिवळे पडते. मी बहुतेक वेळा पास व्हायचो. ती हसून म्हणायची, "अहो, तुमच्यापेक्षा याची दाढी गुळगुळीत होते." त्या दिवसांत मला वाटायचे, आपल्यासारखे सुखी यंत्र जगात नसेल. दाट गवतात तणाला पाय ठेवायलाही जागा नव्हती.

पुढे तिची नजर अधू होत गेली. आधी वाचणे सुटले, मग माणसांना ती नुसत्या आवाजावरून ओळखू लागली. घरात ती भिंतीला हात लावून चालायची. हिरवळीवर मात्र चपला काढून, काठी दाराशी टेकवून, एकटी फिरायची. सकाळी चाळीस फेऱ्या. तेवढीच एक जागा होती जिथे तिला कोणाचा हात धरावा लागत नसे. मी तिच्या पावलांची वाट बघायचो.

एके दिवशी ती दाराच्या पायरीवर अडखळली. पडली नाही, नुसती तोल जाऊन सावरली. पण घड्याळजीने ते पाहिले. त्याच दुपारी तो माझ्याजवळ आला, त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझी खिळी काढून पहिल्या खाचेत घातली. त्याला वाटले, सतरंजीसारखे सपाट केले की तिचा पाय कशात अडकणार नाही. आयुष्यभर स्वतः केलेला नियम त्याने प्रेमापोटी मोडला आणि कोणाला सांगितले नाही. तिला तर नाहीच. तुझ्यामुळे करतो आहे असे म्हटले तर तिला वाईट वाटेल, हा त्याचा हिशोब.

मी यंत्र. नको म्हणायला मला तोंड कुठे? मी कापत गेलो. चार बोटांचे गवत अर्ध्या बोटावर आले. दोन दिवस हिरवळ खरोखर गालिच्यासारखी दिसली. तिसऱ्या दिवसापासून ती पिवळी पडू लागली. घड्याळजी घाबरला आणि रोज संध्याकाळी पाणी शिंपडू लागला. म्हणजे आगीतून फुफाट्यात. गवताची सावली गेल्यामुळे मातीला ऊन लागले, वरून रोजचा ओलावा मिळाला आणि कित्येक वर्षे निजलेले तणाचे बी एका महिन्यात उठून बसले. लव्हाळा आला, आणि त्याच्यामागून जमिनीला चिकटून पसरणारा सराटा आला. त्याचे काटे तुम्ही कधी सायकलच्या टायरमधून काढले असतील.

तो काटा तिच्या टाचेत शिरला. तिला मधुमेह होता. जखम चिघळली, डॉक्टरांनी दोन महिने पाय खाली टेकवू दिला नाही, आणि बरी झाल्यावरही ती पुन्हा बाहेर आली नाही. "हिरवळीला झालं तरी काय?" असे तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, "यंत्र बिघडलंय. जुनं झालं, नीट कापत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले ते काय सांगू. नाचता येईना अंगण वाकडे! दोनच दिवसांपूर्वी मी त्याच्यासमोर कागद सरळ कापला होता. पण सगळे खापर माझ्या पात्यांवर फुटले आणि त्याने मला उचलून या खोलीत ठेवले. खिळी तशीच पहिल्या खाचेत.

तीन वर्षे मी या अंधारात काढली. माझ्यावर गंज चढला, रुळात वाळवी शिरली. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून पावले ऐकू येणे बंद झाले. ती आत पलंगावर, तो आपल्या टेबलाशी भिंग लावून. एका छपराखाली दोघे एकटे आणि बागेत मी तिसरा.

मग एका दुपारी दार करकरले. तीच होती, चपला घालून, कुंपणाच्या भिंतीला हात लावत आलेली. उंबऱ्याशी बसायला तिला जुनी वेताची खुर्ची हवी होती आणि नवऱ्याला हाक मारायचा तिला कंटाळा आला असावा. चाचपडताना तिचा हात माझ्या दांड्याला लागला. ती थांबली. दांड्यावरून हात खाली आला, पात्यांवर अलगद फिरला, चाकाशी गेला, पट्टीवर आला. तिची बोटे एकेक खाच मोजू लागली. पाचवी रिकामी. चौथी, तिसरी, दुसरी रिकामी.

"अहो," तिने हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, पण तो टेबल सोडून धावत आला. "हे पहिल्या खाचेवर कसं?"

त्याने वाकून खिळीला हात लावला. मग म्हणाला, "तू अडखळायला लागली होतीस. म्हटलं, गवत खाली आणावं."

"मी पायरीला अडखळले होते. गवताला कधी अडखळले?"

"मला वाटलं..."

"मला विचारायचं ना. गवत उंच होतं म्हणून तर मला कळायचं मी कुठे आहे ते. पायाला गवत लागलं की हिरवळ, नाही लागलं की कड संपली. तुम्ही माझी काठीच कापलीत, अहो."

घड्याळजी माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि रडला. मला त्याचा राग होता, पण तो तिथल्या तिथे गेला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "रडून गवत उगवत नाही. उठा, पाणी मारा, तण उपटायचंय."

ओल्या मातीतून तण मुळासकट निघते, आणि ते फुलण्याआधी काढावे लागते, नाहीतर एकाचे शंभर होतात. त्याने बसून बसून एकेक काढले. सराट्यासाठी ती स्वतः जाड हातमोजे घालून, तळहाताने जमीन चाचपत मागे फिरली. उन्हाने विटेसारखी घट्ट झालेली माती त्याने बागकामाच्या काट्याने भोके पाडून मोकळी केली. बोडक्या जागी बी टाकले. पहाटेचे पोटभर पाणी पुन्हा सुरू झाले. माझा गंज घासला, रूळ बदलला, धार लावली. तिने कागद धरला. मी पास झालो.

वर्ष लागले, पण हिरवळ भरली. तोवर घड्याळजीचे हात थरथरू लागले होते. मग तिनेच माझा दांडा धरला. अनवाणी ढकलायची ती मला. एक पाऊल कापलेल्या पट्ट्यावर, एक न कापलेल्यावर, म्हणजे कुठवर कापले ते पायांनाच कळायचे. तो वेताच्या खुर्चीतून ओरडायचा, "डावीकडे, अगं डावीकडे!" ती म्हणायची, "गप्प बसा. तुमची घड्याळं सांभाळा."

एका सकाळी खुर्चीतून कोणी ओरडले नाही. त्या दिवसानंतर ती मला एकटीच ढकलायची. मध्येच थांबायची, कान द्यायची, आणि मग उगीचच थोडे डावीकडे वळायची. तिच्या पट्ट्या वाकड्या झाल्या, पण हिरवळीत तण शिरले नाही.

अखेर तिची मुलगी आली. "आई, इथे एकटी किती दिवस राहणार? माझ्याकडे चल," असे म्हणाली. जायच्या दिवशी घड्याळजीची बायको स्वतः मला या खोलीत घेऊन आली. माझी खिळी पाचव्या खाचेत आहे ना हे तिने दोनदा बघितले, बोटांनी. मग खिशातून सुतळी काढून ती खिळी तिने तिथेच करकचून बांधली आणि माझ्या दांड्यावर थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली. तो हात अजून मला जाणवतो.

बाहेर आता गवत गुडघ्याएवढे वाढले असेल. कुणीतरी नवीन माणसे येतील, दार उघडतील. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर माझी एवढी विनवणी ऐका. एका दमात सगळे कापू नका. दोन बोटे कापा, चार दिवस थांबा, पुन्हा कापा. माझी धार कागदावर तपासा. आणि ही सुतळी सोडायची वेळ आलीच, तर सोडण्याआधी त्या गवतावरून कोण चालते ते बघा आणि त्याला विचारा. आमच्या घरात तो एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि ती तीन वर्षे चालली नाही.