निळ्या तुऱ्यांचा दगड

अक्षरा निपाणीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, आणि तिला दगडांचं वेड होतं. वेड म्हणजे कसलं! रविवारी माणसं कोल्हापूरला पिक्चर बघायला जातात, ही बया हातोडी घेऊन खडीच्या क्रशरवर जायची. गेल्या उन्हाळ्यात तिला तिथं वीतभर काळा दगड सापडला. मधे पोकळी, पोकळीत पांढरी गारगोटी आणि तिच्यावर मोहरीएवढे निळे तुरे. दुसऱ्याच दिवशी त्या जागी सुरुंग उडाला. म्हणजे होता तो एवढाच.

तिनं एक तुरा पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. आज सकाळी फोन आला. असलं खनिज जगात कुठंच नोंदलेलं नाही! पण धाडलेला तुरा तपासणीतच संपला होता, नोंदीला आता अख्खा दगड हवा होता. तपासणाऱ्या पूर्णिमाबाई बेळगावला आल्या होत्या, संध्याकाळी परत जाताना त्या तो स्वतः घेऊन जाणार होत्या. अक्षराला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. तिनं कॉलेजच्या व्हरांड्यातनंच वडिलांना फोन लावला.

"आप्पा, माझा दगड पुण्याच्या संग्रहालयात जाणार! काचेच्या कपाटात ठेवणार, आप्पा! माझ्या खोलीतल्या कपाटावरचा दगडाचा डबा तेवढा खाली काढून ठेवा, मी चारला येते."

"व्हय? लई झ्याक झालं बघ, पोरी!"

आता तिचा बाप मायाप्पा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला दगड घडवणारा. चाळीस वर्षं त्यानं उंबरे, जाती, पाटे-वरवंटे घडवले आणि त्याच टाकी-छिन्नीच्या कमाईवर लेकीला शिकवलं. त्याचा कायदा एकच, अनघड दगड कुणाच्या दारात पाठवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, त्यानं तो कधी मोडला नव्हता.

चारला अक्षरा धापा टाकत घरी आली. मायाप्पा अंगणात पोत्यावर बसला होता. शेजारी टाकी, हातोडी, बादली, आणि मांडीवर साबणाच्या वडीएवढा काळा कुळकुळीत ठोकळा. तिनं आधी डबा उघडला. आत नुसता कापूस.

"आप्पा, माझा दगड कुठाय?"

"ह्यो काय!" त्यानं ठोकळा वर धरला. "अगं, पोटात केवढं भगदाड व्हतं त्येच्या! पोकळ दगड म्हंजे बाद दगड. मायाप्पाची लेक असला दगड देती म्हून हसली असती की मान्सं. भगदाड समदं काढलं, मागचा गच्च दगड धरला आन् घडवला. टाकीचं घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाय, बाई." देव न मानणारा माणूस, पण म्हण मात्र सोडायचा नाही.

अक्षरानं डब्यातला कापूस पुन्हा उलटापालटा करून बघितला.

"आणि... निघालं ते? निळं?"

"त्ये व्हय? लई भुसभुशीत. भुगाच झाला. पाणी मारून गटारीत लोटला."

ती गटारीकडं धावली. गुडघे टेकून चिखलात हात घातले, ओंजळीनं राड उपसली, बोटांनी चाळली. काही नाही. एक कणसुद्धा नाही! रडू येईना, आणि ओरडावं तर कुणावर? सत्तरीचा बाप सकाळपासून उपाशी, तिची मान खाली जाऊ नये म्हणून घाव घालत बसला होता. तिला त्याचा राग आला, आणि आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पूर्णिमाबाई उतरल्या. अक्षरा उठून काही बोलायच्या आत मायाप्पानं ठोकळा पंच्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

"घ्या बाईसायेब. गुण्या लावून कोपरं बघा, क्येसभर फरक न्हाय."

बाईंनी तो हातात घेतला, फिरवून बघितला.

"किती सुरेख घडवलाय हो!" त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "अक्षरा, नमुना कुठाय?"

मायाप्पा हसत लेकीकडं वळला. तिचे हात कोपरापर्यंत गटारीच्या चिखलानं भरले होते, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. त्यानं एकदा गटारीकडं पाहिलं.

"अक्षरा," तो हळूच म्हणाला, "म्या काय फोडलं गं?"