भाला आणि पराणी
हुनवीनच्या झोपडीत दारावर एक भाला टांगलेला असे. त्याचा आजा बिका जन्माने गुलाम. जुन्या मालकाने मरताना त्याला मोकळं केलं, चव्हाट्यावर उभं करून चारही वाटा दाखवल्या आणि हातात भाला दिला. भाला असलेल्या माणसाचा शब्द सभेत धरतात. गुलामाचा धरत नाहीत.

त्या वर्षी समुद्रावरून आलेल्या डेन लुटारूंनी आमची कोठारं जाळली. वाचलं ते जमिनीच्या मालकीण एडगिफू बाईसाहेबांच्या कुंपणाआतलं धान्य. हिवाळ्यात लोकांनी बियाणं खाल्लं, मग बैल, मग ओकच्या फळांचं कडू पीठ. हुनवीनची बायको लेओवा तेव्हा पोटुशी होती.

भुकेला एक वाट उरते, ती आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाच्या दोन हातांत आपलं डोकं द्यायचं, राजीखुशीने देतो म्हणायचं. मालक शिधा सुरू करतो आणि माणूस त्याचा गुलाम होतो. हातातला भाला जातो, बैल हाकायची पराणी येते.

"मी एकटा जातो," हुनवीन म्हणाला. "आई मोकळी तर पोर मोकळं. तू जाऊ नकोस."

"आणि खायचं काय?"

"माझ्यातलं अर्धं."

कुंपणाच्या दारात कारभारी ओसगार हसला. "काय हुन्या, सभेत केवढा आवाज चढवायचास! एकटाच? आणि राणीसाहेब?"

"ती मोकळी राहणार."

"राहू दे की. मोकळेपणाची पेज बरी लागते, मीठ मात्र वरून घ्यावं लागतं."

बाईसाहेबांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याला पराणी मिळाली. भाला मात्र त्याने नेलाच नव्हता. तो आता बायकोचा, असं त्याने सांगितलं आणि बाईसाहेबांनी ते मानलं.

अर्धी भाकरी काही दिवस घरी पोचली. मग ओसगारच्या ध्यानात आलं की नांगरामागे हा माणूस झोकांड्या खातोय. त्या दिवसापासून हुनवीनला अंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत जेवावं लागलं. एकदा बाहीत तुकडा सापडला तेव्हा ओसगारने त्याला खांबाला बांधून फोडला. मोकळ्या माणसाला असं मारता येत नाही. हुनवीनला मारता येत होतं.

लेओवाला मुलगी झाली. रविवारी गुलामांना सुट्टी असते, तेव्हा चर्चच्या ओट्यावर बापाने तिला पाहिलं.

"मुलगीच हवी होती," तो म्हणाला. "हिची पोरं मोकळी, त्यांचीही मोकळी. भाला नीट ठेवलायस ना?"

"ठेवलाय." लेओवाच्या अंगावर दूध येत नव्हतं, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही.

पोर रडायची थांबली तेव्हा लेओवा उठली. एका हातात पोर, दुसऱ्या हातात भाला, अशी ती कुंपणाच्या दारात आली. हुनवीन बैल सोडत होता. तो धावत आडवा आला.

"थोडं थांब गं. पालवी फुटेल आता."

"पालवी मी खाईन. ही काय खाईल?"

"बरं, तू दे डोकं. पण पोरीचं देऊ नकोस. तू डोकं देण्याआधी मोकळी जन्मली ती. तिच्यावर कुणाचा हक्क नाही."

बाईसाहेब बाहेर आल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी पोरीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि बराच वेळ पाहिलं.

"लेओवा, माझी भाकरी तू खाणार आणि तुझं दूध ही पिणार. बाहेरच्या तोंडाला मी पोसू लागले तर उद्या सगळा मुलूख दारात बसेल. दोघी या, नाहीतर कुणीच नको."

"बाईसाहेब, पाया पडतो," हुनवीन म्हणाला. "मी तिचा बाप म्हणून सांगतो—"

"तुला कोण विचारतंय?" ओसगार म्हणाला. "तू काही सांगू शकत नाहीस."

पाद्र्याला बोलावलं. त्याने रीतीतली एक अडचण दाखवली. राजीखुशीने देते, असं म्हणायला हवं. पोरीला बोलता येत नाही, तिच्या वतीने मोकळ्या माणसाने बोलायचं. बापाचा शब्द आता चालत नाही, आणि आईने आधी डोकं दिलं तर तिचाही चालणार नाही. तेव्हा आधी पोर, मग आई.

लेओवाने भाला ओसगारच्या हाती दिला. त्याने तो भिंतीला टेकवून ठेवला, तिथे आणखी बरेच होते.

"राजीखुशीने देते," लेओवा म्हणाली. मोकळ्या बाईचा म्हणून तिचा शब्द त्या जागी पहिल्यांदाच धरला गेला.

बाईसाहेबांनी हात पुढे केले आणि मग एक मागे घेतला. डोकं एकाच तळव्यात मावत होतं.

"पराणी?" पाद्र्याने विचारलं.

ओसगारने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या वाटून झाल्या होत्या. त्याने कुंपणाच्या झुडपातली एक काडी मोडली आणि पोरीच्या हातावर ठेवली. तळव्याला काही लागलं की तान्हं मूल मूठ मिटतं. तिनेही मिटली.

"घेतली," ओसगार म्हणाला. "चला, आता आईचं."