आजीचा घास

“जुई, वाफ्यातला आजीचा घास तेवढा काढ गं,” शांतारामांनी खिडकीतून नातीला हाक दिली आणि टेबलावरच्या केळीच्या पानात वरणभात वाढायला घेतला.

बायको, लीलावती, गेल्याला महिना झाला; आज तिचं पहिलं मासिक श्राद्ध. दिवाळीच्या आधी तिनं अंगणात स्ट्रॉबेरीची रोपं लावली, तेव्हा आनंद नगरात हसायचं कुणी बाकी राहिलं नव्हतं. भोपाळच्या काळ्या मातीत म्हणे स्ट्रॉबेरी! पण बाई हट्टाची. रोपांखाली गव्हाचं काड पसरायची, रोज खुरपं घेऊन बसायची. “तण खाई धन,” म्हणायची. फळ मात्र तिच्या नशिबी नव्हतं. ती गेली, मागोमाग शांतारामांचा पाय प्लास्टरमध्ये अडकला आणि वाफ्यात हरळीनं हातपाय पसरले. त्या गवतातून काल एक फळ लालबुंद दिसलं. एकच. ते तिच्या पानावर ठेवायचं, एवढाच ध्यास म्हाताऱ्यानं घेतला होता.

भात निवला तरी जुईचा पत्ता नाही. शेवटी आली ती कोपरापर्यंत चिखल माखून, फुललेल्या चेहऱ्यानं.

“आबा, पूरी घास काढली! एक तिनका नाही ठेवला. किती वाढली होती!”

शांतारामांच्या घोळ लक्षात आला. पोरीचा जन्म भोपाळचा, शाळा हिंदी. घास म्हटल्यावर तिला गवतच आठवणार.

“आणि तिथं एक फळ होतं ना? लाल?”

“ते? खाल्लं मी.” जुईनं जीभ चावली. “भूख लागली होती. एकदम मीठी होती, आबा! का? नव्हतं खायचं?”

त्यांना राग आला. चांगलाच आला. पानाच्या कोपऱ्यात फळासाठी सोडलेली जागा तशीच मोकळी होती, आणि त्या बिचारीला तेवढंही मिळू नये या विचारानं त्यांना रडू यायला लागलं.

जुई भेदरून उभी होती. लहानपणी ही जेवायची नाही. लीलावती ताटली घेऊन अंगणभर हिच्या मागे फिरायची. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, असं म्हणत सगळे घास हिच्याच तोंडात जायचे.

“हात धुऊन ये. बस इथं,” शांताराम म्हणाले.

“इथं? हे पान तर आजीचं आहे ना?”

“तिचंच आहे.”

जुई बसली. त्यांनी वरणभात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी धरला.