मांडवात पडलेला मखमली पडदा

इकडं वर बघा. दोरीला लटकून बोलतोय तो मीच, वडशाच्या एका नाटक मंडळीचा दर्शनी पडदा. अंगानं मरून रंगाची मखमल, खाली सोनेरी झालर. गर्विष्ठ म्हणा हवं तर. हिवाळाभर गावोगावची माणसं माझ्याकडे तोंड करून बसतात, मग कुणालाही थोडा गर्व होणारच.

माझा जन्म वडशातल्याच एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान लहान आणि मी अवाढव्य, त्यामुळे माझं निम्मं अंग रस्त्यावर पसरलं होतं. तेवढ्यात एक म्हैस माझ्यावरून शांतपणे चालत गेली. तो खुराचा ठसा अजून डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणून तो कोपरा विंगेत दडवतात.

होळी झाली की आमच्या झाडीपट्टीतली नाटकं थांबतात आणि मला डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत टाकतात. गेल्या वर्षी मात्र ट्रंक भर एप्रिलात उघडली. उघडणारी होती नूतन, आमचे हार्मोनियमवाले हरिदासभाऊ यांची थोरली लेक.

तिचं लग्न ठरलं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात धाकट्या रिनाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. घरातली शिल्लक दोन्हीला पुरणारी नव्हती. तरी हरिदासभाऊंनी हौसेनं डेकोरेशनवाल्याला बोलावलं. त्यानं मोबाईलवर थर्माकोलचा महाल, धुराचे फवारे आणि नवरीला वर उचलणारी क्रेन दाखवली.

"मी काय सिमेंटचं पोतं हावो का, क्रेननं उचलाले?" नूतन म्हणाली. "बाबा, लग्न साधं पण देखणं करू. रिनाच्या फीच्या पैशाले हात लावाचा नाई."

"आन् सासरचे काय म्हणतीन? वरमाय तं चंद्रपुरात हॉल पाह्यजे म्हणून राह्यली."

"त्याईले मी सांगीन."

मग तिनं सगळं स्वतःच ठरवलं. विहारासमोर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, शेजारणींनी ओवलेला मोगरा, पळसाच्या पत्रावळीवर वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत. स्टेजवर काय, हाच प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी तिला मी आठवलो. मला झटकताना ती शिंकून शिंकून बेजार झाली, पण झालर पाहून हसली.

लग्नाच्या सकाळी पाहुणे आले ते माझ्यासमोर बसले. तिसरी घंटा झाली आणि मंडळीत पडद्याची दोरी सांभाळणाऱ्या सुकलूभाऊंनी मला हळूहळू वर ओढलं. आत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या, मोगऱ्याच्या माळा आणि शुभ्र कपड्यांतले नूतन-राजदीप. इतकं देखणं दृश्य मी हंगामातही क्वचितच उघडलं असेल.

त्रिशरण, पंचशील झालं. दोघांनी एकमेकांना हार घातले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आता सुकलूभाऊ बसतात विंगेत, तिथून त्यांना स्टेज दिसत नाही. टाळ्या कडाडल्या की अंक संपला, एवढंच त्यांचे हात जाणतात. त्यांनी दोरी सोडली, आणि मी धाडकन नवरा-नवरीपुढे पडलो.

बाहेर हशा पिकला. आत नूतनचा चेहरा उतरला. एवढं नेटकं जुळवून आणलेलं लग्न सासरच्यांसमोर तमाशा होऊन बसलं, असं तिला वाटलं. हरिदासभाऊ धावत आत आले.

"माफ कर व माय," ते म्हणाले. "हॉलच घ्याले पाह्यजे व्हता."

तेवढ्यात बाहेर वरमाय उर्वशीबाई उठल्या. माहेर झाडीपट्टीतल्याच कुरखेड्याचं, त्यामुळे लहानपण नाटकं पाहण्यात गेलेलं. त्यांनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "वन्समोर!" पाठोपाठ अख्खा मांडव ओरडू लागला.

नूतनचा जीव भांड्यात पडला. ती हसली, आणि मग तिनं हळूच विचारलं, "बाबा, रिनाची फी?"

"भरली. कालच भरली."

तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. राजदीप शहाणा, तो उगाच मेणबत्त्यांकडे बघत राहिला. हरिदासभाऊंना रुमाल सापडेना. त्यांनी माझं उजवं टोक धरलं आणि डोळे पुसले. मी एवढी नाटकं झाकली-उघडली, पण त्या वेळी मला वाटलं, सुकलूभाऊंनी जरा उशिरा ओढावं.

मी वर गेलो, हार पुन्हा घातले गेले. या खेपेला टाळ्या जास्त झाल्या, आणि दोरी पुन्हा सुटू नये म्हणून सुकलूभाऊ तिच्यावर चक्क बसून होते.

आता उन्हाळ्यातही मला ट्रंकेत झोपू देत नाहीत, लग्नांना बोलावणी येतात. रिना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हरिदासभाऊंना कुणी विचारलं तर म्हणतात, "मी काऊन रडन? मी नाई रडलो." या हंगामाआधी मला धुवायला काढणार आहेत असं ऐकतोय. धुवा बापडे, म्हशीचा ठसाही घालवा. फक्त उजव्या टोकाला साबण लावू नका.