सत्तावीस नंबरच्या पानावरचं टोपडं

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझी शिवण उसवली आहे, कोपरे झिजले आहेत, पण टाकाऊ मी अजून झालेली नाही. क्रोशाचं, भरतकामाचं आणि लोकरीच्या विणकामाचं मिळून एकशे बारा पानांचं एक जुनं पुस्तक, ते मी. पुस्तकाला 'ते' म्हणायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं बायकांच्या बैठकीत काढल्यावर मी बाईसारखीच बोलणार. ज्याला खटकेल त्याने कानावर हात ठेवावा. माझ्या पोटात अक्षरं थोडी आणि चित्रं फार. तरीही मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. किती शहाणी, ते या उन्हाळ्यात कळलं आणि मी जी हादरले ती अजून ठिकाणावर आलेली नाही.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. एक माणूस शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक करून उचलायचा आणि ओळी जुळवायचा. त्याला झोप येत असावी, किंवा जेवायची घाई असावी. त्याच्याबद्दल पुढे बोलेन. शाई वाळली, पानं शिवली, लाल पुठ्ठा चढला आणि मी पंचांगांच्या गठ्ठ्याबरोबर धामणगाव बढ्याच्या बाजारात येऊन एका चादरीवर पडले.

तिथून मला मंजुळाबाईने उचललं. मंजुळाबाई दुसरीपर्यंत शिकलेली, पण गावात तिच्यापुढे मास्तरसुद्धा जपून बोलायचे. घरी नेल्यानेल्या तिने मला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि ट्रंकेत आपल्या चांगल्या लुगड्यांच्या मध्ये जागा दिली. सांगा, किती पुस्तकांना लुगड्यात झोपायला मिळतं?

निंदणं-खुरपणं आटोपली की दुपारी तिच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया जमायच्या. त्यांच्या हातात सुई-दोरा, आणि मी मंजुळाबाईच्या मांडीवर. दुसऱ्या कोणाच्या हाती ती मला देत नसे. ती ओळीखाली बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडून मोठ्याने वाचायची आणि बाया ऐकून सुई चालवायच्या. साखळी म्हटलं की साखळीचा टाका, खांब म्हटलं की खांबाचा. फेरीचा आकडा वाचायचा मात्र तिला भारी कंटाळा. "मंग पुढची फेरी," असं म्हणून ती सरळ पुढे जायची. कोणी अडलंच तर वर बघायची आणि म्हणायची, "कान कोठी ठेवून आली व? घरी?"

माझ्यातली तोरणं गावभर लागली. रुमालांच्या झालरी, पडद्यांचे मोर, सगळं निघालं. पण सगळ्यांचा जीव होता तो सत्तावीस नंबरच्या पानावर. त्या पानावर एक गुबगुबीत बाळ आहे आणि त्याच्या डोक्यावर क्रोशाचं टोपडं. बारशाला आत्याने भाच्यासाठी स्वतःच्या हातचं टोपडं न्यायचं, अशी इकडची रीत. म्हणून घरात कोणाला दिवस गेले की ओसरीवर सत्तावीसचं पान उघडायचं.

मंजुळाबाईची सून शालूबाई रोहिणखेडची. तिच्या भावाला पहिला मुलगा झाला आणि ती टोपडं करायला बसली. मंजुळाबाईने वाचलं, शालूने विणलं. पण टोपडं काही खाली वळेना. ते पसरतच गेलं, पसरतच गेलं, आणि शेवटी काठाला झालर सुटलेली एक ताटली तिच्या हातात आली. तिने ते उसवलं. परत केलं, परत ताटली. असं तीनदा झालं. बारशाच्या आदल्या दिवशी चौथी ताटली तिने भीतभीत सासूपुढे ठेवली. मंजुळाबाईने स्वतः केलेलं टोपडं तिच्या शेजारी मांडलं, वाटीसारखं गोल, नेटकं. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी बोलली, "शालूच्या हाताले वळणच नाही. भाच्याच्या डोक्शावर भाकर ठेवून येजो आता."

ओसरी हसली. मीही मनातल्या मनात हसले. माझ्यात सगळं नीट लिहिलेलं असताना हिला जमत नाही, म्हणजे दोष हिचाच, असं मला वाटलं.

शालूबाई बाजारातलं टोपडं घेऊन बारशाला गेली. परत आली ती सुई ट्रंकेत टाकूनच. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तिने सुईला हात लावला नाही. ओसरीवर चहा आणून द्यायची आणि आत जायची. कोणाकडे रुखवत असला की बाया म्हणायच्या, तिले नको सांगू, तिच्या हाताले वळण नाही. म्हणणाऱ्यांना ते शब्द मुळात कोणाचे हेही आठवत नव्हतं, इतके ते शालूबाईला चिकटून बसले होते.

पुढे तयार स्वेटर आले, टोपडी आली, मोबाइल आले. ओसरीवर कोणी बसेना. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी ट्रंकेत पडून राहिले. माझी नक्षी घराघरात आहे, या एका अभिमानावर मी दिवस काढले.

यंदा एप्रिलमध्ये गावातल्या वाचनालयाच्या छायाताईंनी ठरवलं की छंदांच्या पुस्तकांचं एक कपाट करायचं. सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला हाताने काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे, अशी पुस्तकं. एका विक्रेत्याने दोन गठ्ठे आणून ठेवले आणि सांगितलं, आठ दिवसांत हवी ती बारा निवडा, उरलेली मी परत नेतो. मंजुळाबाईच्या कानावर हे गेलं मात्र, ती मला काखेत मारून वाचनालयात हजर झाली. गुडघे चालत नाहीत म्हणून शालूबाई तिचा हात धरून आली होती. मंजुळाबाईने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाकीचे ठेव बाजूले. हे एक असलं का बस झालं."

मी त्या टेबलावर पाहिलं आणि खट्टूच झाले. काय ती पुस्तकं! कागदाच्या घड्यांची, मातीच्या खेळण्यांची, कुंडीतल्या भाज्यांची, लाकडी घरट्यांची. आरशासारखी पानं, आणि वास नव्या चपलेसारखा. छायाताई तरी काय करत होत्या? मुखपृष्ठ बघायच्या, हातात घेऊन वजन बघायच्या आणि 'हे छान आहे' म्हणून बाजूला ठेवायच्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं ते केवळ मंजुळाबाई समोर बसली होती म्हणून.

तिथे सफा नावाची सातवीतली एक मुलगी रोज यायची. मोबाइलवर बघून ती क्रोशा शिकली होती. तिने सर्वात जाड पुस्तक उघडलं, एका पानावरची सामानाची यादी वाचली आणि छायाताईंना विचारलं, यातलं अर्धं सामान तालुक्याला, मोताळ्यात तरी मिळतं का? छायाताईंनी यादी वाचली. मिळत नव्हतं. बुलढाण्यातही मिळालं नसतं.

मंजुळाबाईला पोरगी आवडली. तिने तिथल्या तिथे फर्मान काढलं, की प्रत्येक पुस्तकातली एकेक वस्तू करून पाहायची. जमली तर पुस्तक ठेवायचं, नाही जमली तर परत. कोणत्या पुस्तकाची फजिती होणार याची मी वाट बघत होते.

चार दिवस वाचनालयात नुसता गोंधळ होता. पहिलीतल्या पोराने कागदाचा बेडूक केला आणि तो उडाला, पुस्तक राहिलं. गोपाल सुताराने घरट्याचं पुस्तक माप लावून तपासलं आणि सांगितलं, या भोकातून चिमणी काय, भुंगासुद्धा आत जाणार नाही. ते पुस्तक गेलं. दोन म्हातारे कुंडीच्या पुस्तकावरून भांडले आणि शेवटी मेथी पेरून मोकळे झाले. माझ्यासाठी सफाने सत्तावीसचं पान घेतलं. मी निर्धास्त होते.

पाचव्या दिवशी सफाने टेबलावर ताटली ठेवली. काठाला झालर सुटलेली.

मंजुळाबाईने ती बोटाने उलटून पाहिली. "तुह्याही हाताले..." एवढं ती बोलली, तेवढ्यात सफाने मान हलवली.

"आजी, मी मोजून केलं. तीन वेळा मोजलं. माझा हात नाही चुकला, पुस्तक चुकलं."

मित्रांनो, वाळवी लागली असती तरी मला एवढा धक्का बसला नसता. सफाने माझ्या ओळींवर बोट ठेवलं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. चौथीत दर तिसऱ्या खांबाला एक खांब वाढवा. आणि त्याच्या खाली एकदम सहावी फेरी: याप्रमाणेच पुढे सात फेऱ्या करा. पाचवी फेरी नव्हतीच. 'आता वाढवणं बंद करा' ही ओळ त्या खिळे जुळवणाऱ्याच्या हातून गळली होती. बाया वाढवतच गेल्या. माझ्याच पोटातली ओळ, आणि ती नाही हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही!

छायाताईंनी दोनदा वाचलं. सफा म्हणाली, अशीच एक ताटली आमच्या घरी माठावर आहे, दादीने केलेली. तिची दादी म्हणजे नजमुन्निसा, ओसरीवर कोपऱ्यात बसायची ती. छायाताई खुर्चीत बसल्या. "आमच्याकडे टीव्हीवर होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईने कधी सांगितलं नाही, की ते टोपडं करायला घेतलं होतं."

तेव्हा मला समजलं. ज्या नक्षीचा मी अभिमान बाळगत होते ती माठांवर, डब्यांवर, टीव्हीवर पडलेली फसलेली टोपडी होती. प्रत्येकीने आपल्याच हाताला दोष दिला होता आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

मग मंजुळाबाईचं कसं जमलं? छायाताईंनी तिच्या हाती सुई दिली. तिने चार फेऱ्या केल्या आणि पाचवीला तिची वाढ आपोआप थांबली. टोपडं तिला तिच्या आईने शिकवलं होतं, मी येण्याच्या आधी. ती तोंडाने मला वाचत होती, पण तिचे हात मला विचारतच नव्हते. हे तिलाही तेव्हाच कळलं असावं, कारण तिने सुई खाली ठेवली आणि सुनेकडे पाहिलं.

शालूबाई खिडकीशी उभी होती. मला वाटलं, आता मंजुळाबाई माझ्यावर सगळं ढकलणार, आणि ढकललं असतं तरी कोणी तिला नावं ठेवली नसती.

"पुस्तकात ओळ नव्हती, शालू," ती म्हणाली. "पण तोंड माह्यं होतं."

शालूबाई खिडकीपासून टेबलाजवळ आली. मग म्हणाली, "मले तवाच समजलं होतं, माय. चौथ्या खेपेले वाटलं होतं का आता वाढ थांबवा लागते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही वाचून राह्यल्या होत्या. तुमच्यापुढे कोण बोलते?"

ज्या बाईपुढे मास्तर जपून बोलायचे, ती टेबलाकडे वळली. तिने दोन्ही हातांनी मला उचललं आणि शालूबाईपुढे धरलं. इतक्या वर्षांत तिने मला आपल्या हातांनी दुसऱ्या कोणाला दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. शालूबाईने मला लगेच घेतलं नाही. मंजुळाबाईचे हात तसेच पुढे राहिले, दुखत असतील तरी राहिले. मग शालूबाईने मला घेतलं, सत्तावीसचं पान सपाट केलं आणि सफाकडे पेन्सिल मागितली. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं, असं छायाताईंच्या ओठावर आलं होतं. पण त्यांनी पानाचा कोपरा धरून ठेवला. चौथ्या आणि सहाव्या फेरीच्या मध्ये, चिमटीएवढ्या जागेत शालूबाईने लिहिलं: पाचवी फेरी, वाढवायचं नाही.

त्यानंतर तिने सफाची ताटली ओढली आणि दोरा उसवत चौथ्या फेरीपर्यंत मागे आणली. सुई धरताना तिची बोटं दोनदा घसरली. तिसऱ्यांदा दोरा अडकला. पाचवी फेरी पुरी झाली, सहावी झाली, आणि टोपड्याचा काठ खाली वळला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सफा तेवढी जवळ सरकून बघत होती. शालूबाईने तिला न बघताच सांगितलं, "दोरा ढिला धर, पोरी. आवळू नोको."

मित्रांनो, मी आता त्या कपाटात आहे, बारा चकचकीत पुस्तकांच्या शेजारी. माझी पानं जपून उलटा, पावसाळ्यात मला भिंतीला टेकवून ठेवू नका, एवढं तर मागेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. छंदाचं पुस्तक निवडाल तेव्हा नुसता पुठ्ठा बघू नका, त्यातली एक तरी वस्तू करून बघा. आणि केलेलं बिघडलं तर आधी माझं पान तपासा. चूक सापडली तर पेन्सिलीने लिहा, मोठ्याने सांगा, पुस्तक कितीही जुनं असो आणि वाचणारी कितीही मोठी असो. माझ्यात ती गळलेली ओळ लिहायला चिमटीएवढी जागा लागली. शालूबाईची अठ्ठावीस वर्षं मात्र मी कोणत्याच पानावर भरून देऊ शकत नाही.