निळा मळ

खोक्यात एक पिस्तूल होतं, हवेच्या दोन नळ्या, त्या भरायला लागणारा एक पितळी जोड, चार षटकोनी किल्ल्या, एक बारीक पेचकस आणि कारखान्यात नेम तपासलेला एक कागद. कागदावर पाच छर्र्यांचं मिळून एकच भोक होतं, एका छर्र्याहून जेमतेम मोठं. थोरलीने सगळं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलं, मोजलं, जिथलं तिथे ठेवलं आणि पुन्हा बाहेर काढलं. धाकटी म्हणाली, नव्या बाळाचेही कुणी इतके लाड करत नाही.

दहा मीटरच्या नेमबाजीत थोरलीने आजवर क्लबच्या जुन्या पिस्तुलावर भागवलं होतं. ते मधूनच धाप लागल्यासारखी हवा सोडायचं. त्यापायी दोनदा संघातली जागा हातातोंडाशी येऊन गेली होती. आता एकच निवड चाचणी उरली होती. त्यानंतर वयाची अट लागू होणार होती आणि ती त्या अटीत बसत नव्हती. नवं पिस्तूल हातात पडताच तिने जुनं परत केलं आणि क्लबने ते लगेच दुसऱ्या मुलीला दिलं.

नियम साधा होता. पिस्तुलाची नळी वर करून ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून उचलायचं. वजन अधांतरी राहिलं तर ठीक. ट्रिगर आधीच सुटला तर नेमबाज बाद. थोरलीने ट्रिगरची ओढ, म्हणजे तो सुटायला लागणारं वजन, पाचशे दहा ग्रॅमवर बसवली. सराव संपवून मोजली तर चारशे नव्वद भरली. पुन्हा बसवली, पुन्हा उतरली. खोलीतली उष्णता, हवेचा दाब, मोजण्याचा काटा, स्वतःचं बोट, एकेक शंका तिने तपासून बाजूला काढली. शेवटी उरला तो ओढ ठरवणारा स्क्रू. प्रत्येक छर्र्यागणिक तो केसभर सैल होत होता.

प्रशिक्षकांना सगळे कुजबुजे म्हणत, कारण रेंजवर हळू बोलायची सवय त्यांना बाजारातही सुटली नव्हती. भाजीवालाही म्हणे त्यांच्यापुढे कान करून उभा राहायचा. त्यांनी स्क्रू काढून भिंगाखाली धरला आणि विचारलं, "हा कुणी उघडला होता?"

कुणीच नाही, असं ती ठामपणे म्हणाली.

उत्तर त्याच संध्याकाळी जेवताना आपणहून आलं. तिच्या वडिलांचा, अप्पांचा, सगळा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला होता. नवं मशीन उघडून, पुसून, स्वतःचं तेल घातल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नव्हतं. हल्ली नजर अधू झाल्याने दुकानात कुणी फारसं फिरकत नव्हतं, त्यामुळे हाताला काम मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"कंपनीचं तेल फक्त प्रवासापुरतं असतं, पोरी," ते म्हणाले. "पिस्तूल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू कामावर गेलीस तेव्हा, सगळं पुसून काढलं. एका स्क्रूच्या आट्यांत तर निळा मळ वाळून बसला होता. सुईने टोकरून काढला. आता बघ, कसा लोण्यासारखा फिरतोय."

थोरलीच्या तोंडात घास नुसताच घोळत राहिला. तो मळ नव्हता. स्क्रू जागचा हलू नये म्हणून कारखान्यात लावलेला तो गोंद होता.

कंपनीने कळवलं की उघडलेल्या पिस्तुलाची हमी राहत नाही. पाठवलंत तर बघू, पण चाचणीच्या आत परत मिळणार नाही. कुजबुजेंनी आटे स्पिरिटने धुऊन नवा गोंद भरला. तो दोन सराव टिकला आणि सुटला. अप्पांचं पातळ तेल आत कुठेतरी मुरलं होतं आणि पुन्हा पुन्हा आट्यांत झिरपत होतं.

इकडे अप्पा कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. नव्याच्या नावाखाली भंगार गळ्यात मारलं, असं ते येईल त्याला ऐकवत. धाकटीला राहवलं नाही. तिने थोरलीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "त्यांना खरं काय ते सांगत का नाहीस तू?"

"सांगून स्क्रू घट्ट होणार आहे का?"

"निदान तुझ्या मनातलं तरी बाहेर पडेल."

"आणि त्यांच्या मनात जाऊन बसेल," थोरली म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

तिने हिशेब मांडला. एका छर्र्यामागे सरासरी पाव ग्रॅम घट. स्पर्धेचे साठ आणि त्याआधीचे सरावाचे धरून ऐंशी, म्हणजे वीस ग्रॅम. ओढ पाचशे चाळीसवर नेली तर निर्धास्त राहता आलं असतं. पण तेवढ्या जड ट्रिगरला बोट अडखळे आणि छर्रे सात-आठ गुणांच्या वर्तुळात जाऊन पडत. पाचशे पंचवीसपर्यंतच तिचा हात स्थिर राहत होता. पाच ग्रॅम शिल्लक. ते पुरतील असं तिला वाटत नव्हतं, पण दुसरं पिस्तूल नव्हतं आणि दुसरी चाचणीही नव्हती.

चाचणीच्या सकाळी ओढ पाचशे पंचवीस भरली. वजन अलगद उचललं गेलं आणि पिस्तुलावर तपासणीची चिठ्ठी लागली. अप्पा मागच्या खुर्च्यांत बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की पिस्तूल कंपनीचं असलं तरी त्याला हात आपला लागलाय. तिला ते ऐकू येत होतं. तिने कानांवर संरक्षक चढवले. प्रत्येक छर्र्यानंतर ट्रिगर आधीपेक्षा हलका लागतोय की तिला तसं वाटतंय, हे ठरवायचं तिने विसाव्या छर्र्याला सोडून दिलं. शेवटी फलकावर तिचे गुण आले, पाचशे सत्त्याहत्तर. ती तिसरी आली होती. संघात तिघींना जागा होती.

अप्पा उठून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले.

तेवढ्यात, स्पर्धेनंतर कुणाची पिस्तुलं पुन्हा तपासायची, याची सोडत निघाली. तिच्या नेमाच्या जागेचा आकडा आला. कुजबुजेंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तिने पिस्तूल तपासनिसाच्या टेबलावर ठेवलं. त्याने नळी वर केली, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवलं आणि सावकाश उचलायला लागला. ट्रिगर सुटला. नियमाप्रमाणे आणखी दोन संधी होत्या. दोन्ही वेळा वजन टेबलावरच राहिलं. मग नोंदीसाठी त्याने काटा लावला. ओढ चारशे शहाण्णव ग्रॅम भरली.